मागच्या सीटचा पट्टा सापडला! तुमचे किस्से टाका

रामबागची_सून
रविवारी गाडीची सीट कव्हरं धुवायला काढली. गाडी नऊ वर्षांची. मागच्या सीटच्या फटीत हात घातला तर शेव, चिंचेच्या दोन गोळ्या, एक कानातलं (कुणाचं?) आणि पट्ट्याची तीन बक्कलं निघाली. अगदी कोरी. कव्हर बसवणाऱ्याने खाली दाबून टाकली होती आणि नऊ वर्षांत आम्हा कुणाचंच काही अडलं नाही.
एक लावून बघितलं. खट् झालं आणि अण्णांची फियाट डोळ्यांपुढे आली. पुढे तिघं, मागे पाच, मी दोन सीटांच्या मधे उभी, थेट उज्जैनपर्यंत. अण्णांनी ब्रेक मारला की त्यांचा डावा हात आपोआप माझ्या छातीशी आडवा यायचा. तोच आमचा पट्टा. तुमच्याकडे काय होतं? लिहा.

भिया_जिरावण
गोळ्या खाल्ल्या की फेकल्या?

छत्रीबागकर
मानपूरचा घाट, रात्रीचे साडेअकरा. पुढे ट्रक उभा, मागचा दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, झाडाची एक फांदी ठेवलेली. मी आणि मेहुणा पुढे, दोघांना पट्टा. आत्या मागे, मोकळी, उशी घेऊन झोपलेली. ती उडून मेहुण्याच्या सीटवर आदळली. तिचं नाक गेलं आणि तिच्या धक्क्याने ह्याचं खांद्याचं हाड. ट्रकने नाही, आत्याने मोडलं! मला फक्त पट्ट्याचा वळ, डाव्या... नाही, उजव्या खांद्यावरून तिरका. पंधरा दिवस निळं जानवं घालून फिरत होतो. आई म्हणाली, मुंजीनंतर पहिल्यांदाच दिसलं.

रामबागची_सून
अरे देवा. आत्या बऱ्या आहेत ना आता?

छत्रीबागकर
एकदम. मागे बसली की पहिलं बक्कल शोधते. आपल्या गाडीत नसेल सापडत तर रिक्षा करते, खोटं नाही सांगत.

कोर्टातली_ताई
पुष्कळांना वाटतं मागच्या सीटची सक्ती 2022 मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री गाडीच्या अपघातात गेले तेव्हापासून आली. तसं नाही हो. केंद्रीय मोटार वाहन नियम 138(3) मध्ये पुढे तोंड करून मागे बसणाऱ्यांचंही नाव आधीपासून आहे. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत कलम 194ब आलं, 1000 रुपये दंड. चौदा वर्षांखालचं पोर पट्ट्याशिवाय किंवा लहान मुलांच्या सीटशिवाय नेलं तरी 1000. कायदा पुस्तकात होता, बक्कल कव्हराखाली होतं.

दांडिया_बझारची_माहेरवाशीण
आमच्या बडोद्याला 500 च 😄 गुजरातने 2019 मध्ये दंड कमी केले ना. त्याच डिसेंबरात शहरात हेल्मेटही ऐच्छिक केलं होतं. आमच्या ह्यांनी त्याच दिवशी हेल्मेट माळ्यावर टाकलं. मग निर्णय फिरला तर माळ्यावर चढायला शिडी मिळेना, आणि साहेब आठवडाभर बसने गेले.

भिया_जिरावण
हेल्मेटचं म्हणता तर 1 ऑगस्ट 2025 पासून आपल्याकडे इंदुरात कलेक्टरांचा हुकूम लागू झाला, हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही. मी रांगेत होतो. एक हेल्मेट आणि सहा डोकी! पहिल्याने भरलं, काढलं, मागच्याला दिलं. माझ्यापर्यंत आलं तेव्हा आतून घामाने ओलं. मी घातलं. काय करणार, ऑफिसला जायचं होतं. आणि तो दुधाच्या कॅनचं झाकण डोक्यावर घेऊन गेलेला तर सगळ्यांनी पाहिलाच असेल.

सुदामानगर_आजी
फोनवर टाइप करते आहे, चुका समजून घ्या. आमच्या वेळी लुना होती. धाकट्याला मी ह्यांच्या पाठीशी ओढणीने बांधायची, दोन फेरे आणि गाठ पुढे ह्यांच्या पोटावर. लोक हसायचे. परवा नातू म्हणाला आजी आता चार वर्षांपर्यंतच्या मुलाला दुचाकीवर पट्ट्याने बांधायचा नियमच झालाय, हेल्मेटही, आणि वेग 40 च्या वर नको. ह्यांची लुना 40 च्या वर गेलीच नाही कधी. कुकरची शिट्टी झाली, येते.

नवी_आई_पलासिया
बाळाची सीट आणली. सासूबाई म्हणतात मांडी काय कमी आहे, परक्यासारखं बांधून काय ठेवता. पहिले चार दिवस बाळ रडलं, त्याच्याबरोबर त्यापण. पाचव्या दिवशी गीता भवन चौराह्यावर करकचून ब्रेक लागला, एक बाईकवाला आडवा आला. बाळ सीटमध्ये झोपलेलं, हललंसुद्धा नाही. सासूबाईंचं डोकं पुढच्या सीटवर. घरी पोचेपर्यंत गप्प होत्या. आता स्वतःच बक्कल लावतात पण बोलत नाहीत त्यावर. विषय सोडून विचारते, जाऊबाईंना सातवा महिना आहे, पट्टा लावायचा का?

कोर्टातली_ताई
लावायचाच. खालची पट्टी पोटावर नको, पोटाखाली, मांड्यांच्या वर कमरेच्या हाडावर. वरची दोन्ही छात्यांच्या मधून. तरी डॉक्टरांना विचार.

छत्रीबागकर
आणि ती बक्कलची नकली जीभ, पट्टा न लावताच गाडीची टूं टूं बंद करायची? मेहुण्याने आणली होती, पंचाण्णव रुपयांत.

कोर्टातली_ताई
2023 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन दुकानांना ती काढून टाकायला लावली. बाजारात मिळत असेल अजून. मेहुण्याने, त्या खांद्याने?

छत्रीबागकर
खांद्याच्या आधी. आता त्या जिभेने सोड्याची बाटली उघडतो.

सुदामानगर_आजी
आले परत. ते कानातलं कसलं आहे गं? मोत्याचं असेल आणि मागे फिरकी असेल तर माझं. मंदाच्या लग्नाला तुमच्याच गाडीतून गेले होते.

रामबागची_सून
आजी, मोत्याचंच आहे! फिरकी मात्र नाही. थांबा, पुन्हा फटीत हात घालते.