बास्केटबॉलपटूचा पगार आणि फुटबॉलपटूचा पगार : तुलना नेमकी कशाची?

डावखुरा :
सरासरी पगाराच्या याद्यांमध्ये एनबीए ही अमेरिकी बास्केटबॉल लीग नेहमी युरोपीय फुटबॉलच्या वर असते आणि त्यावरून ‘अमेरिकेत खेळाडूला अधिक मोल आहे’ असे सर्रास म्हटले जाते. मला हे पटत नाही. २०२४-२५ च्या हंगामात एनबीएची सॅलरी कॅप, म्हणजे पगारखर्चाची मर्यादा, संघामागे सुमारे १४ कोटी ६ लाख डॉलर होती आणि नियमित करारावरचे खेळाडू जेमतेम १५. म्हणजे माणशी ९३ लाखांहून अधिक. एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची त्याहून श्रीमंत लीग, तिची २०२४ ची कॅप २५ कोटी ५४ लाख डॉलर. पण तिथे संघात ५३ जण असल्याने तोच भागाकार ४८ लाखांवर येतो. सरासरीतून आपण बऱ्याच अंशी संघ किती लहान आहे एवढेच मोजतो.

पाहायचाच असेल तर उत्पन्नातला वाटा पाहावा. एनबीएच्या खेळाडूंना खेळाशी निगडित उत्पन्नाचा ४९ ते ५१ टक्के हिस्सा करारानेच ठरवून दिलेला आहे, तर इंग्लिश फुटबॉलमधल्या प्रीमियर लीगचे क्लब गेली अनेक वर्षे एकूण उत्पन्नाच्या साठ टक्क्यांहून अधिक रक्कम वेतनावर खर्च करतात. कॅप हे मालकांच्या खिशाला लावलेले कुलूप आहे, आणि त्याला ‘समतोल स्पर्धा’ हे गोंडस नाव आहे.

ताळेबंद :
सरासरीविषयी आपण म्हणता ते मान्य, परंतु वाट्याची तुलनाही तितकीशी सरळ नाही. इंग्लिश क्लबांच्या हिशेबातील वेतनखर्चात प्रशिक्षकापासून कार्यालयातील कारकुनापर्यंत सर्वांचे पगार येतात. एनबीएचा हिस्सा निव्वळ खेळाडूंचा असतो. शिवाय युरोपातील हा खर्च औदार्यातून होत नाही. प्रीमियर लीगच्या वीसपैकी तीन संघ दरवर्षी खालच्या श्रेणीत घसरतात, आणि त्या भीतीपोटी क्लब ऐपतीबाहेर करार करतात. ‘बरी’ नावाचा जुना क्लब ऑगस्ट २०१९ मध्ये आर्थिक डबघाईमुळे इंग्लिश फुटबॉल लीगमधून बाहेर काढला गेला. त्याच्या खेळाडूंना टक्केवारीचा काय उपयोग झाला? वेतन, ट्रान्सफर फी (खेळाडू घेताना जुन्या क्लबला द्यायची रक्कम) आणि एजंटांचे मानधन मिळून खर्च उत्पन्नाच्या ७० टक्क्यांवर आणण्याचा नियम अखेर युएफा या युरोपीय फुटबॉल महासंघाला करावा लागला, म्हणजे कॅप युरोपातही मागील दाराने आलीच. अमेरिकी खेळाडूंनी निदान आपला वाटा संघटनेच्या बळावर, समोर बसून ठरवून घेतला आहे. त्यासाठी बेसबॉलपटूंच्या १९९४ च्या संपात वर्ल्ड सिरीज ही अंतिम लढतही रद्द झाली होती.

डावखुरा :
समोर बसून ठरवले, हे खरे. पण त्यात काय सोडून दिले तेही पाहावे. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनबीएचा तारा लुका डॉन्चिच याला डॅलसच्या संघाने लेकर्स संघाकडे धाडले, तेव्हा त्याला कोणी विचारले नव्हते. कॅपच्या ३५ टक्क्यांपर्यंत जाणारा मोठा करार त्याच्याइतक्या अनुभवाच्या खेळाडूला फक्त जुन्याच संघाबरोबर शक्य असल्याने तोही एका रात्रीत हातचा गेला. फुटबॉलमध्ये खेळाडूच्या संमतीशिवाय क्लब त्याला विकूच शकत नाही.

आडवाट :
विकणे हा शब्द आपणच वापरलात, म्हणून लिहितो. २०१७ मध्ये फुटबॉलपटू नेमारसाठी पॅरिसच्या क्लबने मोजलेले २२ कोटी २० लाख युरो बार्सिलोनाला मिळाले. खेळाडूची बाजारातली किंमत त्याच्या पगारात न दिसता जुन्या मालकाच्या तिजोरीत जाते, ही युरोपची रीत आहे आणि अमेरिकी लीगमध्ये आपापसात तशी फी जवळजवळ नसते. फुटबॉलपटू बोसमनच्या खटल्यातील १९९५ च्या युरोपीय न्यायालयाच्या निकालापूर्वी तर करार संपल्यावरही क्लब पैसे मागत असे, आणि इंग्लंडमध्ये १९६१ पर्यंत आठवड्याला २० पौंड ही कमाल मर्यादाच होती. खेळाडूच्या स्वातंत्र्याचा युरोपीय इतिहास आपण समजता तेवढा जुना नाही.

ताळेबंद :
आणखी एक गोम राहिली. स्पेन-इटलीतले आकडे बहुधा कर वजा जाता सांगितले जातात, अमेरिकेतले करापूर्वीचे. दोन्ही शेजारी मांडणारी यादी तिथेच बाद होते. बेसबॉलला तर कॅपच नाही, आणि तिथे ओहतानी या खेळाडूच्या दहा वर्षांच्या कराराच्या ७० कोटी डॉलरपैकी ६८ कोटी त्याला करार संपल्यानंतर मिळणार आहेत. त्याचा पगार कोणत्या वर्षाच्या रकान्यात लिहायचा, हे डावखुरा यांनीच सांगावे.