किल्ल्यातलं हॉस्टेल

आत्या, नांदेड: लेकरा, हॉस्टेल म्हणालीस अन् फोटो किल्ल्याचा टाकलास. राहतेस कुठं नेमकी?

छोटी: आत्या, किल्ल्यातच राहते! इंग्लंडमधल्या डरहमचा किल्ला, 1072 सालचा. युनिव्हर्सिटीचं सगळ्यात जुनं कॉलेज इथंच आहे. आधी बिशप राहायचा, 1837 पासून युनिव्हर्सिटीकडं आला.

आप्पा: बिशप म्हणजे धर्मगुरू ना? त्याला किल्ला कशाला?

छोटी: आप्पा, इथला बिशप राजासारखाच होता. स्कॉटलंडची सरहद्द जवळ, राजा लांब लंडनला. म्हणून सैन्य, कोर्ट, नाणी, सगळं बिशपचं स्वतःचं. त्यातला शेवटचा व्हॅन मिल्डर्ट. 1832 ला युनिव्हर्सिटी निघाली ती त्याच्याच पुढाकारानं. 1836 ला तो वारला अन् त्याच वर्षी कायदा करून बिशपचे ते अधिकार काढून घेतले.

दादा, लातूर: म्हणजे बिशपचं राहतं घर शिकणाऱ्या लेकरांना गेलं. लई मोठी गोष्ट आहे ही. उदगीरच्या किल्ल्यात मागं गेलो होतो, एका दालनापुढं कमरेइतकं गवत. 1760 ला सदाशिवराव भाऊंनी निजामाला नमवलं ती उदगीरची लढाई, अन् आत चिटपाखरू नाही. माणसं राहिली की दगडाची निगा राहते, मी कधीपासून सांगतोय.

छोटी: दादा, खरंय. इथला बालेकिल्ला पार पडका होता. 1840 च्या सुमारास तो मुलांच्या खोल्यांसाठी नव्यानं उभारला. माझी खोली तिथंच. जेवायला चौदाव्या शतकातला दिवाणखाना.

आत्या, नांदेड: मग पडायची भीती नाही ना?

छोटी: नाही गं. पण एक काळा जिना आहे, 1662 चा, ओक लाकडाचा. बांधला तेव्हा नुसता भिंतींत अडकवलेला, खाली खांबच नव्हते. मग तो मधल्या बाजूनं खचला, तेव्हा खांब लावले. पायऱ्या अजून कललेल्याच आहेत. चढताना अंग आपोआप एका बाजूला जातं, मी कठडा सोडतच नाही.

आप्पा: कठडा धरूनच चढ बाळा. अन् दादा, दिवाळीत ही आली की उदगीरला जाऊ सगळे. गवत काढायचं तर परवानगी लागेल, अर्ज मी लिहितो.

दादा, लातूर: लिहा आप्पा. सही माझी पहिली.

आत्या, नांदेड: दगडात थंडी वाजत असंल ना?

छोटी: लई. तुझी गोधडी दुहेरी करून घेते.