कूलंटच्या टाकीत तपकिरी चिकट थर: हेड उतरवण्याआधी काय तपासावे?

प्रश्नकर्ता (नरेंद्रनगर, नागपूर)

नमस्कार. माझी डिझेल कार दहा वर्षांची असून सव्वा लाख किलोमीटर चालली आहे. गेल्या आठवड्यात कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीचे झाकण उघडले, तेव्हा आतल्या बाजूस तपकिरी चिकट थर दिसला आणि मूळचा हिरवा कूलंट गढूळ झालेला आढळला. डिपस्टिकवरचे इंजिन ऑइल स्वच्छ आहे, मात्र त्याची पातळी किंचित उतरली आहे. तापमानाचा काटा एरवी मध्यावर असतो. दुपारी एसी लावून वर्धा रोडच्या गर्दीत अडकलो, तर थोडा वर सरकतो. सायलेन्सरमधून पांढरा धूर येत नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पातळी कमी दिसली म्हणून एका गॅरेजमध्ये बोअरचे पाणी आणि गुलाबी रंगाचा कूलंट टाकण्यात आला होता, हेही सांगून ठेवतो. आता दुसऱ्या गॅरेजच्या मते हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील-पट्टी) गेले आहे आणि हेड उतरवून फेसिंग (त्याचा पृष्ठभाग घासून सपाट करणे) करावे लागेल. एवढा खर्च करण्याआधी खात्री कशी करून घ्यावी?

अवजारपेटी

कूलंटमध्ये नेमके काय मिसळले आहे, हे ठरल्याशिवाय ते कुठून आले या प्रश्नाला हात घालू नये. आपल्या वर्णनात तेल, गंज आणि दोन जातींच्या कूलंटची न जुळलेली रसायने असे तिन्ही संशयित हजर आहेत, आणि टाकीत वरून पाहिल्यास तिन्ही जवळपास सारखेच दिसतात.

इंजिन पूर्ण थंड असताना (गरम असताना झाकण उघडू नये, उकळता कूलंट थेट अंगावर येतो) थोडा कूलंट आणि टाकीच्या कडेचा थर काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्या आणि रात्रभर हलवू नका. तेल असेल तर ते वर तरंगेल किंवा वर पिवळसर तपकिरी साय धरेल. गंज आणि बोअरच्या पाण्यातले क्षार तळाशी बसतील, आणि तो गाळ बोटांना खरखरीत लागेल. रसायनांची गुठळी झाली असेल, तर ती मधेच लोंबकळत राहते आणि कागदावर ठेवून वाळवल्यास तेलकट डाग सोडत नाही. बाटलीवर ठळक नाव लिहा आणि ती मुलांच्या व कुत्र्यामांजरांच्या आवाक्याबाहेर ठेवा, कारण इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते.

जुना फिटर, वाडी

बाटलीत तेल निघाले, तरी लगेच हेडवर घसरू नका. इंजिन वेगात असताना तेलाचा दाब साधारण ३ ते ४ बार असतो, तर कूलंटचा १ बारच्या आसपास. त्यामुळे दोघांमधला पडदा कुठे फुटला, तर चालू इंजिनात तेल कूलंटकडे ढकलले जाते. बऱ्याच डिझेल इंजिनांमध्ये ऑइल फिल्टरच्या बैठकीपाशी ऑइल कूलर असतो आणि त्यात हे दोन्ही द्रव पातळ पत्र्याच्या दोन बाजूंनी वाहतात. तेलाची पातळी उतरलेली, डिपस्टिक स्वच्छ, धूर नाही, अशा लक्षणांत मी पहिला संशय या कूलरवर घेतो. तो उतरवून एका बाजूची तोंडे बंद करावीत, आत हवेचा दाब द्यावा आणि पाण्याच्या बादलीत बुडवावा. बुडबुडे आले की निकाल लागला. हेड उतरवण्याच्या मानाने हे काम फारच थोडे आहे.

डिपस्टिक आज स्वच्छ आहे म्हणून निर्धास्त राहू नये. इंजिन बंद होताच तेलाचा दाब शून्यावर येतो, पण गरम कूलंटचा दाब बराच वेळ टिकतो, आणि त्याच फटीतून पाणी उलट तेलात शिरू शकते. म्हणून निदान होईपर्यंत गाडी चालवू नये, हे उत्तम.

हेड गॅस्केटची शंका उरलीच, तर थंड इंजिन सुरू करून टाकीत सतत बुडबुडे येतात का आणि होज पाइप काही क्षणांतच दगडासारखे कडक होतात का, ते पाहावे. ज्वलनवायू ओळखणाऱ्या निळ्या द्रवाची चाचणीही करता येते. वायू असल्यास द्रव पिवळा पडतो. मात्र डिझेलच्या धुरात, विशेषतः आयडलिंगला (गाडी उभी असून इंजिन मंद चालू असताना), कार्बन डायऑक्साइड कमी असतो, म्हणून रंग बदलला नाही तरी गॅस्केट ठीक आहे असे मानू नये. कॉम्प्रेशनही (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्यावे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. बाटलीत सकाळी वर तेलाचा स्पष्ट थर होता आणि तळाशी थोडा तांबूस गाळ. ऑइल कूलर समोर उभे राहून तपासून घेतला. हवा भरताच बुडबुड्यांची बारीक रांग सुरू झाली. नवा कूलर बसवायचे ठरले आहे. मेकॅनिक म्हणतात की आत राहिलेले तेल साध्या पाण्याने निघून जाईल, आणि नागपूरच्या उन्हासाठी थर्मोस्टॅटही (इंजिन तापल्यावर कूलंटची वाट उघडणारी झडप) काढून टाकू. हे योग्य आहे का?

अवजारपेटी

दोन्हींना माझा विरोध आहे. साध्या पाण्याने तेल निघत नाही. कूलिंग सिस्टिमसाठी मिळणारे तेल काढणारे फ्लश वापरावे. भांड्यांच्या साबणाचा इतका फेस होतो की तो धुऊन काढणे हेच वेगळे काम होऊन बसते. थर्मोस्टॅट सफाईपुरता काढावा, म्हणजे पाणी सगळीकडे फिरेल, आणि नंतर नवा बसवावा. तो नसला की इंजिन योग्य तापमानाला यायला वेळ लागतो आणि डिझेल जास्त जळते. होज पाइप हाताने दाबून पाहा: तेलाने रबर फुगून मऊ पडते, आणि तसे झाले असल्यास ते पाइप याच वेळी बदलावेत.

भरताना उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीचा एकच कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मे-निम्मे मिसळून घ्यावा. कूलंटच्या रंगावर विसंबू नये, कारण रंगाचे कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग नुसते पाणी का नको, असे अनेक जण विचारतात. पण हे मिश्रण पाण्यापेक्षा उशिरा उकळते आणि गंजही रोखते, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या गावात त्याचीच गरज असते. काही दिवस चालवल्यानंतर पुन्हा बाटलीत नमुना घ्या. पहिल्या वेळी तेलाचा हलका तवंग दिसला तर तो जुन्या तेलाचा असू शकतो. कूलंट पुन्हा बदलून भरल्यावरही थर जमला, तर मात्र हेडकडे वळावे लागेल.