लिसा रे आणि आजाराचे उघड नाव घेणे : आपले अनुभव

नुसरत फतेह अली खान यांच्या ‘आफरीन आफरीन’ या १९९६ च्या गाण्याच्या व्हिडिओतून मॉडेल आणि अभिनेत्री लिसा रे घराघरांत पोहोचली आणि पुढे दीपा मेहता यांच्या ‘वॉटर’मध्ये (२००५) दिसली. २००९ मध्ये मल्टिपल मायलोमाचे, म्हणजे अस्थिमज्जेतील पेशींच्या कर्करोगाचे, निदान झाल्यावर मात्र तिने आजार लपवला नाही. ‘द यलो डायरीज’ या ब्लॉगवर तिने उपचारांविषयी लिहिले आणि ज्या चेहऱ्यावर तिचे काम अवलंबून होते, तो स्टिरॉइडमुळे सुजलेला असतानाही त्याच वर्षी टोरांटो चित्रपट महोत्सवाला ती उपस्थित राहिली. तिच्या या मोकळेपणाचा आपल्या घरातील आजारपणावर काही परिणाम झाला असल्यास तो येथे लिहावा.

*

माझ्या वडिलांच्या मणक्याला तडा गेला, अस्थिमज्जा तपासली आणि मायलोमा हे नाव प्रथमच आमच्या कानांवर पडले. रुग्णाच्याच मूळ पेशी (स्टेम सेल) काढून ठेवायच्या, मेल्फलान या केमोथेरपीच्या औषधाचा मोठा डोस द्यायचा आणि नंतर त्या पेशी पुन्हा शरीरात सोडायच्या, हे डॉक्टरांनी नीट समजावले होते. पण त्या दिवसांत रुग्णाच्या मनात काय चालते, हे मला लिसाच्या लेखनातून उमगले. त्यातले उतारे मी वडिलांना मराठीत सांगत असे. सगळ्यांना ‘जरा अशक्तपणा आहे’ एवढेच सांगणाऱ्या वडिलांनी एका संध्याकाळी काकांना फोनवर आजाराचे नाव स्वतःहून सांगितले. काका बराच वेळ काही बोलले नाहीत, पण दुसऱ्याच दिवशी भेटायला आले.

*

मी मॉडेलिंग करत असतानाच माझी केमोथेरपी सुरू झाली. आमच्या क्षेत्रात केस गेले की काम गेले, म्हणून मी विग लावूनच ऑडिशनला जात असे. लिसाची तिच्या उपचारांच्या काळातली छायाचित्रे पाहून एका ऑडिशनला मी विग काढला. त्या ठिकाणाहून मला पुन्हा बोलावणे आले नाही, तरी तो निर्णय मला आजही योग्य वाटतो.

*

मी रक्तविकार विभागात परिचारिका आहे. लिसाने २०१० मध्ये आपण कर्करोगमुक्त झाल्याचे जाहीर केले, ती बातमी दाखवून रुग्ण मोठ्या आशेने प्रश्न विचारतात. मायलोमा बहुधा पुन्हा उलटतो आणि स्वतःचा आजार उलटल्याचेही लिसाने पुढे मोकळेपणाने सांगितले, ही बाजूही मी त्यांच्यापुढे आवर्जून ठेवते. ऐकून ते क्षणभर खचतात खरे, परंतु त्यानंतर रक्ततपासणीची तारीख सहसा चुकवत नाहीत.