स्प्रेच्या डब्यातला गॅस जाणार, पण कधी?

शिरोलीचा मशीनशॉपवाला:
शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीनशॉप आहे. मशीनच्या विजेच्या पॅनेलमधली धूळ उडवायला, त्यातले कॉन्टॅक्ट (विजेचे जोड) साफ करायला आम्ही १३४ए या, एसी-फ्रिजच्या जातीतल्या गॅसचे स्प्रे वापरतो. महाग पडतात, पण पेट घेत नाहीत. दहा फुटांवर वेल्डिंगच्या ठिणग्या उडत असतात. तिथं एलपीजी भरलेला, पेट घेणारा स्प्रे मी पोरांच्या हातात देणार नाही.

हा गॅस वजनाला वजन धरलं तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट पृथ्वी तापवतो, म्हणून हळूहळू बंद होत जाणार. जाऊ दे. असे गॅस कमी करण्याच्या किगाली या आंतरराष्ट्रीय करारानं भारत २०२८ ला त्यांचा वापर आहे तिथंच थांबवणार, २०३२ ला १० टक्के कपात, २०४७ पर्यंत ८५. पण हा आकडा देशाचा झाला. त्यात एसी-फ्रिजला किती आणि स्प्रेला किती? हे ठरल्याशिवाय माझ्यासारख्यानं या गॅसऐवजीच्या नव्या मालात पैसे अडकवू नयेत, असं माझं मत.

पंचगंगाकाठ:
साफ चूक, दादा. करार २०१६ चा, भारतानं मान्यता दिली २०२१ ला. आणखी किती वाट बघायची? एसीतला गॅस निदान पाइपात कोंडलेला असतो. स्प्रेतला सगळाच हवेत जातो. ३०० ग्रॅम गॅस उडवला की ४०० किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. २०१९ ला आमच्या घरात पुराचं पाणी होतं, २०२१ ला परत. मला हा हिशेब कागदावरचा वाटत नाही. आणि धूळच उडवायची तर तुमच्याकडं कॉम्प्रेसर आहे की!

शिरोलीचा मशीनशॉपवाला:
कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी येतं, तेल येतं. ते पॅनेलमध्ये गेलं की आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड जळालंच म्हणून समजा. आणि रात्री कागलला ब्रेकडाऊन निघाला तर गाडीवर डबाच नेता येतो.

एका दम्याच्या पोराची आई:
तुम्ही दोघं वर्कशॉपचंच बोलताय. माझा मुलगा पाच वर्षांचा. उसाचं पाचट पेटवायला लागले की त्याची छाती भरते. त्याच्या इनहेलरमध्येही हाच गॅस आहे. पावडरचा इनहेलर बिनगॅसचा असतो, पण त्याला श्वास जोरात ओढावा लागतो. एवढ्या पोराला तो जमत नाही. नियम करताना औषधाला वेगळी मुदत द्या, एवढंच मागणं आहे.

पंचगंगाकाठ:
ताई, औषधाचं पटलं. त्याला शेवटी हात लावावा. वर्कशॉपला ती सूट मी देणार नाही. ड्रायर आणि फिल्टर लावला की कॉम्प्रेसरची हवा कोरडी मिळते.

शिरोलीचा मशीनशॉपवाला:
फिल्टरचा दर काढतो. धुळीचं काम त्यावर नेईन. कॉन्टॅक्टचा डबा मात्र तारीख लेखी मिळेपर्यंत सोडणार नाही.