हेन्री कॉटनला १९३१ मध्ये संघाबाहेर ठेवलं, ते बरोबर होतं का?

माळरान :
दोन महायुद्धांच्या मधल्या काळातला इंग्लंडचा सर्वांत मोठा व्यावसायिक गोल्फपटू म्हणून मी हेन्री कॉटनचंच नाव घेईन. वाद आहे तो १९३१ चा. त्या वर्षी रायडर कपसाठी, म्हणजे ब्रिटन आणि अमेरिकेच्या व्यावसायिक संघांमधल्या लढतीसाठी, ब्रिटिश संघ अमेरिकेत ओहायोला जाणार होता. व्यावसायिकांच्या संघटनेची, म्हणजे पीजीएची, अट अशी की सगळ्यांनी एकत्र जायचं आणि एकत्रच परतायचं. कॉटनला लढत संपल्यावर तिथे थांबून प्रदर्शनी सामने खेळायचे होते. संघटना अडून बसली, तोही बधला नाही. चोवीस वर्षांचा चढता खेळाडू संघाबाहेर राहिला आणि संघ ९–३ असा हरला.

चूक संघटनेचीच, असं माझं ठाम मत आहे. तेव्हा ओपन, म्हणजे ब्रिटनची सर्वांत मानाची गोल्फ स्पर्धा, जिंकणाऱ्याला मिळायचे शंभर पौंड. एरवी पोट चालायचं ते क्लबच्या दुकानात चेंडू विकून आणि सभासदांना खेळ शिकवून. त्यातही कित्येक क्लबांत व्यावसायिकाला क्लबहाऊसचं दार बंद. अशा माणसाला चार पैसे गाठीला बांधायची संधी आली, तर ती सोड म्हणून सांगणारे तुम्ही कोण?

जुनीवही :
सांगायचा हक्क होता त्यांना. १९२७ च्या पहिल्या दौऱ्यासाठी एका गोल्फ मासिकाने ३००० पौंडांच्या वर्गणीची हाक दिली होती आणि ती रक्कम पुरती जमलीही नाही. इतक्या ओढाताणीतून उभी राहिलेली ही स्पर्धा. १९३१ च्या संघात १९२० चा ओपन विजेता जॉर्ज डंकन होता. ज्याची मूर्ती त्या सोन्याच्या कपावर उभी आहे, तो ॲबे मिचेल चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला होता. त्यांना पैसे नको होते का? कॉटन डलिचच्या चांगल्या शाळेत शिकलेला. त्या काळचे बहुतेक व्यावसायिक लहानपणी दुसऱ्यांच्या पिशव्या वाहत वर आलेले. नाही म्हणणं कॉटनला परवडलं, त्यांना परवडलं नसतं.

किनारपट्टी :
मग ते परवडणाऱ्या एकाने म्हटलं, हे बरंच झालं की! १९२३ च्या ओपनमध्ये ट्रूनला वॉल्टर हेगन दुसरा आला आणि बक्षीस समारंभासाठी क्लबहाऊसमध्ये गेलाच नाही, कारण आठवडाभर व्यावसायिकांना तिथे मज्जाव होता. तो अमेरिकन म्हणून आपण त्याचं कौतुक करतो. कॉटनने आपल्याच लोकांपुढे मान ताठ ठेवली, तर तो हट्टी?

आणि एकट्या कॉटनचंच कशाला? पर्सी ॲलिस बर्लिनच्या क्लबात नोकरीला आणि ऑब्रे बूमर पॅरिसजवळ, म्हणून त्यांनाही नियमावर बोट ठेवून बाद केलं. त्याच उन्हाळ्यात ॲलिस कार्नूस्टीच्या ओपनमध्ये विजेत्यापासून फक्त दोन फटके मागे होता. पुढे कॅनडात हेगनशी बरोबरी करून तो जादा फेरीत हरला. असे तिघे बाहेर ठेवून तुम्ही लढायला निघालात.

जुनीवही :
ॲलिस आणि बूमरची बाब वेगळी. तो रहिवासाचा नियम होता आणि तो चुकीचा होता, हे मला मान्य. पण निकालावरून बोलायचं तर १९३३ बघा. कॉटन तेव्हा बेल्जियमच्या वॉटर्लू क्लबात, त्यामुळे पुन्हा संघाबाहेर. तरी साउथपोर्टला ब्रिटिश संघ ६½–५½ ने जिंकला. सेहेचाळीस वर्षांच्या मिचेलने ऑलिन डुट्राला ९ आणि ८ ने, म्हणजे आठ होल बाकी असतानाच नऊ होलच्या आघाडीने, लोळवलं. १९३७ ला कॉटन संघात होता, मैदानही घरचंच, आणि ८–४ ने हार.

माळरान :
१९३३ चं उत्तर माझ्याकडे नाही. १९३७ चं आहे. जोडीचा सामना तो हरला, पण एकेरीत त्याने टोनी मनेरोला ५ आणि ३ ने हरवलं, आणि मनेरो आदल्या वर्षीचा यूएस ओपन विजेता. पुढच्याच आठवड्यात कार्नूस्टीला तो सगळा अमेरिकन संघ ओपनमध्ये उतरला होता. शेवटच्या फेरीत मुसळधार पाऊस. कॉटनने ७१ फटक्यांत फेरी संपवली, एकूण २९०, आणि रेग व्हिटकोम्बला दोन फटक्यांनी मागे टाकलं. मैदान निसरडं, काठ्यांच्या मुठी भिजलेल्या, आणि हा गडी ७१ करतो! माझ्यासाठी त्या दोन विश्वयुद्धांमधली सर्वांत मोठी फेरी ती. १९३४ मध्ये सँडविचच्या मैदानावर त्याने ओपन जिंकली, तिथल्या ६५ पेक्षाही, भले त्या ६५ वरून डनलॉप कंपनीने चेंडूचं नाव ठेवलं असेल.

किनारपट्टी :
सँडविचवर मात्र मी अडून बसेन. पहिल्या दोन फेऱ्या ६७ आणि ६५. ही १३२ ची बेरीज ओपनमध्ये १९९२ पर्यंत कोणाला मोडता आली नाही. १९२३ च्या हॅव्हर्सनंतर ब्रिटिश माणसाच्या हाती तो करंडक पहिल्यांदाच आला.

जुनीवही :
सँडविचचं मलाही प्रेम आहे, पण वेगळ्या कारणाने. तीन फेऱ्यांनंतर दहा फटक्यांची आघाडी, मग पोटात गोळा आलेला, आणि शेवटच्या फेरीत ७९. तरी पाच फटक्यांनी जिंकला. त्यानंतर करंडक घेऊन तो गेला हॅरी व्हार्डनकडे. सहा वेळा ओपन जिंकलेला तो म्हातारा आजारी होता, हॉटेलच्या खोलीत पडून. दोघंही रडले म्हणतात. व्हार्डन जर्सीतल्या माळ्याचा मुलगा. त्या पिढीचं ऋण कॉटनला इतकं कळत होतं, म्हणूनच मला आजही लागतं की तीन वर्षांपूर्वी त्याने डंकन-मिचेलबरोबर एका बोटीने परत यायला नकार दिला.