समृद्धी महामार्गावर अ‍ॅव्हरेज घटते : हवेचा विरोध कमी करण्यासाठी गाडीत घरगुती बदल करावेत का?

पैठणवाट यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही छत्रपती संभाजीनगरला राहतो. माझे आईवडील नागपूरला असल्यामुळे महिन्यातून दोनदा तरी समृद्धी महामार्गाने जाणे-येणे होते. गाडी २०१६ सालची, १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची, उंच बांध्याची हॅचबॅक आहे. जालना, सिंदखेडराजा, मेहकर, कारंजा अशा जुन्या रस्त्याने जात असू तेव्हा ही गाडी लिटरला १८ ते १९ किलोमीटर देत असे. आता समृद्धीवर ताशी ११५ ते १२० किलोमीटर वेगाने गेल्यास १३ ते १४ च्या पुढे जात नाही. टाकी ३५ लिटरची असल्याने सकाळी फुल्ल करून निघाले तरी नागपूर येईपर्यंत इंधनाचा काटा तळाला गेलेला असतो.

सर्व्हिसिंग वेळच्या वेळी होते आणि इंजिनात काही दोष नाही, असे दोन ठिकाणी तपासून घेतले आहे. त्यामुळे वाढत्या वेगाबरोबर वाढणारा हवेचा विरोध हेच कारण असावे, असे वाटते. परदेशातील हौशी मंडळी पुढची जाळी झाकतात, गाडीच्या पोटाखाली प्लास्टिकचा सपाट पत्रा लावतात, चाके झाकतात, छताच्या मागच्या कडेला शार्कच्या पंखासारखे छोटे तुकडे चिकटवतात, असे पाहिले. यांपैकी आपल्याकडच्या उन्हात, पावसात आणि रस्त्यांवर करण्यासारखे काय आहे? छतावर कॅरिअर आहे, तो गणपतीत कोकणात जाताना सामानासाठी लागतो आणि एरवी रिकामाच असतो, हेही सांगून ठेवते.

यंत्रविद्या यांचे उत्तर

आपले निदान बरोबर आहे, परंतु उपाय निवडण्यापूर्वी कोणत्या गोष्टीचा वाटा किती आहे हे आकड्यांत पाहिले पाहिजे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. टायरच्या लोळण्याला होणारा विरोध मात्र वेग वाढला तरी फारसा बदलत नाही. आपल्यासारख्या गाडीसाठी समोरचे क्षेत्रफळ २.२ चौरस मीटर, विरोध गुणांक (गाडीच्या आकाराला हवा किती अडते हे सांगणारा आकडा) ०.३५, माणसांसह वजन ११५० किलो आणि मराठवाड्यातल्या उष्ण हवेची घनता घनमीटरला १.१ किलो धरून मी ढोबळ हिशेब केला. ताशी ८० किलोमीटरला हवेचा विरोध सुमारे २०९ न्यूटन (न्यूटन हे बल मोजण्याचे एकक) येतो, १०० ला ३२७ आणि १२० ला ४७०. टायरचा विरोध तिन्ही वेळी साधारण १२४ न्यूटन राहतो. म्हणजे ८० ला एकूण ३३३ न्यूटन ढकलावे लागतात आणि १२० ला ५९४.

एवढ्या फरकानेही अ‍ॅव्हरेज निम्म्यावर येत नाही, कारण जास्त भाराखाली पेट्रोल इंजिन इंधनाचा उपयोग अधिक चांगला करते आणि जुन्या रस्त्यावर गावोगावी ब्रेक लावण्यात वाया जाणारी ऊर्जा समृद्धीवर वाचते. तरीही आपल्याला दिसलेली घट या हिशेबाशी सुसंगत आहे.

आता हाच हिशेब उलट करून पाहा. वेग १२० वरून १०० वर आणला की एकूण विरोध ५९४ वरून ४५१ न्यूटन होतो. १२० चाच वेग ठेवून एवढाच फायदा गाडीच्या आकारात बदल करून मिळवायचा असेल, तर हवेचा विरोध ३० टक्क्यांनी कमी करावा लागेल. अमेरिकेत एका हौशी गृहस्थांनी जुन्या होंडा सिव्हिकला लांब निमुळते शेपूट लावून, चाके झाकून आणि पोट सपाट करून गुणांक ०.१७ पर्यंत आणल्याचे सांगितले आहे, पण त्या गाडीचे मूळ रूप ओळखू येऊ नये इतके तिचे रूपांतर झाले आहे. साडेचारशे किलोमीटरच्या प्रवासात १२० ऐवजी १०० ने गेल्यास पाऊण तास अधिक लागतो. तो पाऊण तास देणे परवडते की नाही हे आपणच ठरवावे, परंतु तुलना याच दोन गोष्टींची आहे हे लक्षात असू द्यावे.

कॅरिअरबद्दल आपण शेवटी ओझरते लिहिले आहे, खरे तर तोच मुद्दा पहिला हवा होता. अमेरिकी सरकारने वाहनचालकांना दिलेल्या माहितीनुसार छतावरच्या मोठ्या, बोथट सामानपेटीमुळे ताशी १०५ ते १२० किलोमीटरच्या वेगाला अ‍ॅव्हरेज १० ते २५ टक्क्यांनी घटते. रिकाम्या कॅरिअरचा तोटा त्याहून कमी असतो. तरीही छतावरून वाहणारी, वेग घेतलेली हवा त्याच्या प्रत्येक आडव्या दांडीवर आपटून तिच्यामागे भोवरे तयार होतात, आणि तुम्ही हा तोटा वर्षातले अकरा महिने विनाकारण सोसत आहात. कॅरिअर उतरवा आणि भाद्रपदात पुन्हा बसवा.

शार्कच्या पंखासारख्या तुकड्यांविषयी : मित्सुबिशीच्या अभियंत्यांनी २००४ मध्ये लान्सर इव्होल्यूशनवरील त्यांच्या प्रयोगांची माहिती प्रसिद्ध केली होती. त्यात योग्य जागी, योग्य उंचीचे तुकडे लावल्यावर गुणांक ०.००६ ने कमी झाला. मुळात ती गाडी डिकीची सेडान होती आणि छतावरून मागच्या उतरत्या काचेकडे येताना सुटणारी हवा थोडी उशिरा सुटावी, एवढेच त्या तुकड्यांचे काम होते. आपल्या हॅचबॅकची पाठ जवळजवळ उभी कापलेली असल्याने हवा छताच्या कडेलाच सुटणार आहे. तिथे बाजारातले तुकडे चिकटवून काहीही साधणार नाही, उलट ते स्वतःच थोडा विरोध वाढवतील.

जालन्याचा मेकॅनिक यांचे उत्तर

ताई, माझे गॅरेज आहे आणि समृद्धीवर रोज धावणाऱ्या गाड्या माझ्याकडे येतात, म्हणून दोन गोष्टी कळकळीने सांगतो.

पुढची जाळी झाकू नका. युरोपात थंडीच्या दिवसांत जाळी झाकून चालत असेल. आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि एसी सतत चालू असतो. जाळीच्या मागे आधी एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) आणि त्याच्या मागे रेडिएटर असतो. हवा अडवली की आधी एसीचा गारवा कमी होतो, फॅन सतत फिरू लागतो आणि मग इंजिन तापते. बऱ्याच नव्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो, आणि तो लागेपर्यंत हेड गॅस्केटचे (इंजिनाच्या दोन भागांमधल्या सीलचे) नुकसान झालेले असू शकते. ज्या गाड्यांत कंपनीनेच जाळीमागे उघडझाप करणाऱ्या पट्ट्या बसवल्या आहेत, त्यांत त्या संगणकाच्या हुकमाने तापमान पाहून हलतात. पुठ्ठा किंवा पत्रा तसे करू शकत नाही.

पोटाखाली काही नवीन लावण्याआधी, गाडीबरोबर आलेले जागेवर आहे का ते पाहा. इंजिनखालचा प्लास्टिकचा गार्ड, चाकाच्या कमानीतले काळे लायनर आणि पुढच्या चाकांसमोर खाली लोंबणारी छोटी पट्टी, हे तिन्ही भाग हवेला वळण देण्यासाठीच असतात. ऑइल बदलताना गार्ड काढला जातो, एखादी क्लिप तुटते, गार्ड खडखडतो म्हणून कोणीतरी तो बाजूला ठेवतो आणि गाडी त्याशिवायच परत जाते. माझ्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या गाड्यांत हे भाग पुरते शाबूत असलेली गाडी क्वचितच दिसते. मूळ गार्ड आणि क्लिपा बदलून घेणे हा माझ्या दृष्टीने सर्वांत चांगला बदल आहे. एक्झॉस्टच्या उष्णतेपासून तो किती दूर असावा आणि पाणी कुठून निघून जावे याचा विचार कंपनीने आधीच केलेला असतो.

पुढे क्रॅश गार्ड (बंपरसमोरचा धातूचा दांडा) लावला असेल तर तोही काढा. हवेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी, केंद्रीय मंत्रालयाने २०१७ च्या डिसेंबरमध्येच त्यावर कारवाई करण्यास राज्यांना कळवले आहे. मागे शेपूट जोडणे किंवा मागची चाके झाकणे यांत नंबरप्लेट आणि दिवे झाकले जाण्याचा, तसेच गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा प्रश्न येतो, आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडतो. चाके झाकली तर चिखल आत साचतो आणि पंक्चर झाल्यावर रस्त्याच्या कडेला चाक काढणे कठीण होते, हे वेगळेच. टायरमधली हवा सकाळी गाडी थंड असताना दरवाज्याच्या खांबावरील स्टिकरप्रमाणे भरा. अ‍ॅव्हरेजसाठी त्याहून जास्त भरू नका.

सह्यवाट यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. तरीही मी स्वतः पोटाखाली पत्रा लावून पाहिला असल्याने तो अनुभव लिहितो. माझी सेडान पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर नियमित धावते. पुढच्या बंपरच्या खालच्या कडेपासून इंजिनाच्या मागच्या आडव्या तुळईपर्यंत मी निवडणुकीचे फलक ज्यावर छापतात ती ५ मिलिमीटरची सनपॅक शीट बसवली होती. एक्झॉस्टच्या बाजूने हातभर जागा मोकळी सोडली होती, कारण कॅटलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) काहीशे अंशांपर्यंत तापतो आणि त्याच्याजवळ प्लास्टिक नेणे म्हणजे आगीला निमंत्रण आहे.

पहिला उन्हाळा ठीक गेला. जुलैत साचलेल्या पाण्यातून जाताना पाण्याने शीटची पुढची कड खाली ओढली आणि ती रस्त्याला घासू लागली. सुदैवाने वेग कमी होता. हीच गोष्ट १०० च्या वेगाला झाली असती तर मागच्या गाडीवर काय ओढवले असते, या विचाराने मी ती त्याच दिवशी काढून टाकली. पुढे १ मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा मूळ बोल्टच्या जागा वापरून बसवला, पुढची कड बंपरच्या आत दडवली आणि ऑइल काढण्यासाठी झडप ठेवली. तो तीन पावसाळे टिकला आहे.

फायदा किती, हे मी सात टाक्या आधी आणि सात टाक्या नंतर मोजले. सरासरी फरक लिटरला अर्ध्या किलोमीटरच्या आसपास आला. परंतु एका टाकीपासून दुसऱ्या टाकीपर्यंतची चढउतारही जवळजवळ तेवढीच होती. म्हणून फायदा आहे असे मला वाटते, पण मी तो सिद्ध केला आहे असे म्हणणार नाही.

आपण मोजमाप करणार असाल तर एक सूचना. छत्रपती संभाजीनगर नागपूरपेक्षा सुमारे अडीचशे मीटर उंचावर आहे. त्यामुळे फक्त जातानाचा किंवा फक्त येतानाचा आकडा फसवा ठरेल. जाऊन-येऊन मिळून एकच आकडा काढा, दोन्ही वेळा त्याच पंपावर भरा आणि नोझल आपोआप बंद होताच थांबा. एका वेळी एकच बदल करा. ट्रकच्या मागे जवळ राहून हवेचा आडोसा घेण्याचा सल्लाही काही जण देतात. तसे कृपया कधीही करू नये, त्या अंतरात ब्रेक लागण्याइतका वेळच नसतो.

पैठणवाट यांचा पुढील संदेश

सर्वांचे मनापासून आभार. मध्यंतरी दोन फेऱ्या झाल्या, त्यांचे आकडे देते. दोन्ही आकडे जाऊन-येऊन मिळून, त्याच पंपावर भरून काढले आहेत. काचा बंद आणि एसी चालू होता, गाडीत दोघेच होतो.

कॅरिअर असताना, ११५ ते १२० च्या वेगाने, मागील तीन फेऱ्यांची सरासरी १३.६ होती. पहिल्या फेरीला फक्त कॅरिअर उतरवला, वेग तोच ठेवला, तेव्हा १४.५ मिळाले. छतावरून येणारी शिट्टीही थांबली आणि एकमेकांचे बोलणे नीट ऐकू येऊ लागले. दुसऱ्या फेरीला कॅरिअरशिवाय ९५ ते १०० ने गेलो आणि १७.२ मिळाले. नागपूरला पोहोचायला चाळीस मिनिटे अधिक लागली.

मेकॅनिकदादांनी सांगितल्याप्रमाणे गाडी लिफ्टवर घेऊन पाहिली. इंजिनखालचा गार्ड नव्हताच, आणि डाव्या पुढच्या चाकासमोरची पट्टी अर्धी तुटलेली होती. दोन्ही मूळ भाग मागवले आहेत. ते बसल्यावर पुढची फेरी ९५ ते १०० नेच करीन आणि १७.२ शी ताडून आकडा इथे लिहीन. सह्यवाट यांचा अनुभव पाहता किमान तीन फेऱ्या झाल्याशिवाय त्याला फायदा म्हणणार नाही. जाळी झाकण्याचा विचार पूर्णपणे सोडला आहे.